सासूबाईंच्या तळहातावरचा उजेड

बाजारामागच्या मैदानात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर केशरी झग्यातले तेजोबाबा उभे होते आणि त्यांच्या उघड्या तळहातावर बल्ब जळत होता. ना वायर, ना बटण. वर लखलखता बल्ब आणि खाली बाबांचा गुबगुबीत हात.

"सूर्य कुणाचा?" बाबा गरजले.

"सगळ्यांचा!" गर्दीने साथ दिली.

"मग त्याला काचेत कोंडून विकणारे हे कोण लागून गेले?"

झालं! माना वळल्या त्या थेट सोलरताईकडे. वस्तीत घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसवून देणारी ती एकटीच. मोटारी दुरुस्त करायच्या दुकानातली नोकरी सोडून तिने हा धंदा मांडला होता, आणि धंद्याने तिचा घाम काढला होता. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती वर, हलक्या मालाचे विक्रेते खाली, मध्ये ही. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेजाऱ्याकडे कसं चालतंय बघतो, मग सांगतो." आणि शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे बघत बसलेला असायचा. त्यात ताईला खरं बोलायची खोड. वीज मिळेल, पण ढग आले की कमी. बॅटरी टिकेल, पण जन्मभर नाही. देखभाल सोपी, पण धूळ पुसावी लागेल.

बाबांकडे 'पण' नव्हताच. त्यांच्याकडे तांब्याचा 'सूर्यकलश' होता. गच्चीवर ठेवा, रात्रंदिवस वीज घ्या. तोंडावरचं लाखेचं सील मात्र फोडायचं नाही, शक्ती उडून जाते. दिवे लागलेच नाहीत तर काय? तर तुमची श्रद्धा कच्ची, पिकेपर्यंत थांबा.

बाबांनी ताईला मंचावर बोलावलं. मोठ्या प्रेमाने बल्ब तिच्या मुठीत दिला, काचेकडून. बल्ब ढिम्म.

"सूर्य विकणारीच्या हातातच अंधार!" बाबा म्हणाले आणि मैदान खो खो हसलं.

मग बाबांनी पुढच्या रांगेतून नेमकं तिच्या सासूबाईंना बोलावलं. त्यांच्या तळहातावर पाणी शिंपडलं, पसा करायला लावला, बल्ब त्यात उभा धरला. लख्ख उजेड! सासूबाईंनी एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या त्या हाताकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता बायका त्याला डोकं टेकवायला धावत होत्या.

ताईच्या डोक्यात प्रकाश पडला होता, पण सासूबाईंचा चेहरा पाहून ती मुकाट खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले काका ताईच्या घरी आले. त्यांची मागणी म्हणजे ताईचं पहिलं मोठं काम. पॅनेल येऊन बाहेरच्या खोलीत रचलेसुद्धा होते. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जावं लागे.

"ताई, ते पॅनेल राहू दे. मी कलश घेतला."

"काका, तुमचा कणीक मळायचा मिक्सर कलशावर चालणार?"

"बाबा म्हणाले, चालेल."

"आणि तुमच्या गच्चीच्या मापाने मागवलेला हा सगळा माल?"

"त्याचंही बाबांनाच विचारतो," म्हणत काका सटकले.

 ताई उठून तडक विजेच्या सामानाच्या दुकानात गेली आणि एक बल्ब घेऊन आली. सासूबाई मोरीत भांडी घासत होत्या.

"आई, जरा हे धरता?"

ओल्या हातात बल्ब आला आणि पेटला.

"बघ!" सासूबाई ओरडल्याच. "बाबा जवळ नसतानाही!"

"आता असं करू," ताईने ओट्यावरची काकडी चिरली आणि बल्बचं बूड तिच्यात खुपसलं. बल्ब तितकाच लख्ख पेटला.

सासूबाईंनी काकडी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे हिलाही सिद्धी आहे?"

"आई, वीज गेल्यावरही चालणारा बल्ब आहे हा. पोटात छोटी बॅटरी असते. बुडाशी धातूच्या दोन जागा आहेत, त्या ओल्या कशाने जोडल्या गेल्या की हा लागतो. तुमचा हात ओला केला आणि बूड तळव्यावर टेकवलं. माझ्या हातात नुसती काच दिली."

"मग मंचावरच का नाही बोललीस?"

"तुमचा चेहरा बघवेना... इतक्या खुशीत होतात."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. दोन्ही, सावकाश. मग म्हणाल्या, "माझ्या चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस! तो बेकरीवाला कलशापुढे हात जोडून बसलाय. आजही सभा आहे ना? मोठी बघून काकडी घे."

मंचावर बाबांनी 'तेजस्वी माउली' म्हणून त्यांचं स्वागत केलं. माउलींनी पिशवीतून चिरलेली काकडी आणि बल्ब काढला.

"बाबा, आमच्या काकडीची श्रद्धा पिकली का बघा बरं."

काकडीवर बल्ब पेटला तसं मैदानात हसू फुटलं. बाबा सावरून म्हणाले, "माउलीच्या पवित्र स्पर्शाने ती काकडी..."

"तुम्ही चिरा की मग," असं म्हणत ताईने दुसरी काकडी समोर बसलेल्या शिंप्याच्या हातात दिली. त्याच्याही काकडीवर बल्ब पेटला. मग बटाट्यावर, ओल्या रुमालावर.

बेकरीवाले काका उठले. त्यांनी आणलेला कलश दगडावर आपटून सील फोडलं. "शक्ती उडेल!" बाबा किंचाळले. काहीच उडालं नाही. आत घट्ट झालेलं सिमेंट होतं. बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं आणि ते मागच्या बाजूने निघाले. शिंपी आणि आणखी चौघे आपापले कलश घेऊन त्यांना निरोप द्यायला धावले.

"ताई," काका खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या चढवता का पॅनेल?"

एवढ्यात गर्दीतल्या एका बाईने विचारलं, "मावशी, पण काकडीतच काही शक्ती असेल का हो?"

ताईने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र मंचाच्या कडेवर ऐसपैस बसल्या.

"बाई, मलाही काल वाटलं होतं की माझ्या हातात शक्ती आहे. नाही म्हणून कळल्यावर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता एक करा. कुणीही असलं काही दाखवलं, तर त्याला विचारायचं, 'हे मी माझ्या घरी नेऊन, तुमच्याशिवाय करून बघू का?' हो म्हणाला तर करून बघा. नाही म्हणाला तर चप्पल घाला आणि घरी जा. हा घे बल्ब. तू आधी करून बघ."