प्रत्येक थांब्यावर

डोळे मिटा पाहू जरा. मिटलेत? आता एक रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना उंच झाडं, त्यांची पानं पिवळी, तांबूस, काही तर भाजलेल्या विटेच्या रंगाची. वारा आला की ती फांदीवरून सुटतात आणि रस्ताभर धावत सुटतात. शाळेची घंटा झाली की तुम्ही धावता ना, अगदी तशी. त्या रस्त्यावरून एक बस येते आहे. मोठी, जराशी दमलेली. आणि ती चालवतेय एक बाई. पाठीला घरी शिवलेली उशी, नजर समोर, ओठांवर कुठलंसं गाणं.

ती खारूची आई. खारू हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. पण पानगळीच्या दिवसांत तिच्या खिशांत बिया, टरफलं, चपटे दगड असं काही ना काही कोंबलेलं असे, म्हणून घरात तिला सगळे खारूच म्हणत.

ते दिवस आठवले की आजही, डोक्यावर चांदी चमकायला लागली असताना, खारूला आधी आठवते ती घरातली कोटांची रास. बाबा शिंपी होते. थंडी तोंडावर आली की सगळ्या गल्लीला एकदम साक्षात्कार होई, की आपल्या कोटाचं अस्तर फाटलंय. "वर्षभर झोपा काढतात, आणि आता म्हणे उद्याच हवा!" बाबा सुईत दोरा ओवता ओवता कुरकुरत. खुर्चीवर कोट, पलंगावर कोट, दाराच्या खिळ्याला कोट. जेवायला बसायचं तर आधी कुणाचा तरी कोट उचलावा लागे.

आई अंधारातच उठे. उभ्याउभ्या चहा पिऊन, खारूच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून निघे. दुपारी परत आली की तिच्या बुटांना ओली पानं चिकटलेली असत. खारू तिचे हात धरून नाकाशी नेई. डिझेल, लोकरीचे हातमोजे आणि थोडासा साबण. तसा वास पुढे तिला कुठल्याच हातांना आला नाही.

आता यात दुःख कुठलं, असं तुम्ही विचाराल. दुःख एकच होतं. आई सगळ्यांची होती. बाजारात जावं तर भाजीवाली म्हणे, "काय ड्रायव्हरताई, आज पायी?" बागेत जावं तर कुणीतरी काठी टेकत येई आणि गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत उभं राही. आई सगळ्यांचं ऐकून घेई. खारू बाजूला उभी राहून पायाने पानं उडवत बसे.

म्हणून तिला तळ्यावर जायचं होतं. तिथे भाड्याने होड्या मिळत. होडीत आई आणि ती, दोघीच. पाण्यात काठी टेकत कोण येणार?

आईने कबूल केलं होतं. पण एका रविवारी दुसऱ्या ड्रायव्हरला ताप आला, पुढच्या रविवारी तिसऱ्याच्या घरी बाळ झालं, आणि दोन्ही वेळा आईच कामावर गेली. आता हंगामाचा शेवटचा रविवार उरला होता. त्या संध्याकाळी होड्या पाण्याबाहेर काढणार, त्या थेट उन्हाळ्यातच पुन्हा पाण्यात उतरणार.

"या रविवारी बाळ झालं, ताप आला, आभाळ कोसळलं तरी जायचं," आई म्हणाली. मामाची जुनी, शेवाळी रंगाची गाडीही तिने मागून आणली.

"तुम्ही येताय ना?" तिने बाबांना विचारलं.

बाबांनी तोंडात टाचण्या धरून कोटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

निघाल्या दोघी. खारू पुढे, आईच्या शेजारी. ऊन मऊ होतं, काचेवर पानं आपटत होती. आणि वळणावर काय झालं असेल? गाडी हळू झाली, डावीकडे सरकली आणि बसथांब्याला अगदी नेटकी टेकून उभी राहिली.

थांब्यावरच्या माणसाने गाडीकडे पाहिलं. गाडीतल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आई, आपण का थांबलो?"

"अगं बाई!" आईने कपाळावर हात मारला. "हा माझाच मार्ग गं. हातांना कोण सांगणार आज सुट्टी आहे म्हणून?"

दोघी खूप हसल्या. दुसऱ्या थांब्यावर गाडी पुन्हा थांबली तेव्हाही हसल्या. त्यापुढच्या थांब्यावर खारूचं हसू जरा आखडतं झालं. "आई, होड्या!" ती म्हणाली. "हो, हो," आई म्हणाली, आणि पुढच्या थांब्यालाही गाडी टेकलीच. जित्याची खोड, दुसरं काय!

या वेळी मात्र मागचं दार उघडलं. एक आजी आधी पिशवी, मग काठी, मग स्वतः अशा क्रमाने आत आल्या आणि ऐसपैस बसल्या.

"आज गाडी धाकटी पाठवली वाटतं?" त्या म्हणाल्या.

खारूच्या तोंडाचा चंबू झाला. आई मागे वळली. "आजी, अहो, ही बस नाही. ही माझ्या भावाची गाडी."

"ते दिसतंय मला. डोळे गेलेत, पण इतके नाही गेले. मघाची बस माझ्या नाकासमोरून निघून गेली बघ. तो नवा पोरगा थांबतच नाही. म्हटलं, आता कसली भेट होतेय बहिणीशी! तर तू आलीस. दवाखान्यात आहे ना ती. रविवारी वाट बघते माझी."

दवाखाना टेकडीवर होता. तळ्याचा रस्ता सरळ जाई, टेकडीचा उजवीकडे वळे. खारूला ते ठाऊक होतं. आईला तर होतंच.

"तुम्ही मायलेकी कुठे निघालात गं?" आजींनी विचारलं.

खारूने तोंड उघडलं. पण आईच आधी म्हणाली, "असंच, जरा फिरायला."

असंच! खारूने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि अळीमिळी गुपचिळी करून बसली. गाडी उजवीकडे वळली. आजी बहिणीच्या लहानपणच्या खोड्या सांगत होत्या, आई हसत होती, आणि ऊन झाडांच्या शेंड्यांकडे सरकत होतं. दवाखान्याच्या दाराशी आजी जितक्या सावकाश चढल्या होत्या त्याहून सावकाश उतरल्या. आईने त्यांना पायऱ्यांपर्यंत हात दिला.

"पोरगी गप्प गप्प आहे," जाताना आजी म्हणाल्या. "दात पडलाय का?"

परतीच्या उतारावर आईने एकही थांबा घेतला नाही. पण तळ्याशी पोचल्या तेव्हा पाणी मोकळं होतं. होड्या काठावर उपड्या घातलेल्या, एकीला एक लागून, झोपलेल्या म्हशींसारख्या. होडीवाला वल्ही खांद्यावर टाकून कोठीकडे चालला होता.

"दादा, एक फेरी?" आईने विचारलं.

"आत्ताच शेवटची ओढली, ताई. पाठ मोडली माझी. आता उन्हाळ्यातच या." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बसवाल्या ना? तुमच्याच गाडीने येतो की मी रोज!"

झालं. इथेही! खारूचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले, आणि पुसताना आईने पाहिलं.

होडीवाला गेल्यावर आई एका उपड्या होडीवर बसली. मग म्हणाली, "चुकलंच माझं. आजींना खरं सांगितलं असतं ना, तर त्या उतरल्या असत्या."

"मग सांगायचं ना!"

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

"उतरल्या असत्या म्हणूनच," आई म्हणाली. "एकदा माणूस गाडीत बसलं की त्याला वाटेत उतरवायला जीभच रेटत नाही बघ. आणि मग तुलाच थांबवून ठेवते मी. दर वेळी तुलाच."

खारूला वाटलं होतं, आई आता समजूत घालेल, शहाणी ना तू, वगैरे म्हणेल. आई तसलं काही बोलली नाही. ती नुसती बसून राहिली, आणि तिची बोटं मांडीवर अशी वाकलेली होती, जणू त्यांच्यात अजून स्टिअरिंगच आहे. वारा आला. पानं पाण्यावर उतरली आणि हळूहळू काठापासून दूर निघाली. आई जांभई आवरत होती. आजवर गाडीत सगळे पेंगत आणि आई जागी असे. आईला पेंगताना खारूने पहिल्यांदाच पाहिलं.

मग काय केलं असेल खारूने? रुसून गाडीत जाऊन बसली? मी असतो तर बसलो असतो.

खारू उठली. काठावरची एक लांब वाळकी फांदी तिने ओढत आणली आणि त्याच उपड्या होडीवर, अगदी पुढच्या टोकाला, आईकडे पाठ करून चढून बसली.

"मागे सरक," ती म्हणाली. "आणि हात खिशात घाल."

"का गं?"

"मी चालवतेय. तू नुसतं बसायचंस."

आई सरकली. हात खिशात घातले. आणि खारूने फांदी जमिनीवरच्या पानांत रोवली, दात-ओठ खाऊन मागे रेटली, आणि होडी काठापासून लांब नेली.