बाईसाहेबांचा आरसा

अकरा महिने ती त्या गाडीच्या मागे हात धुऊन लागली होती, आणि गाडी तिने एकदाही पाहिली नव्हती.

गेम बनवणाऱ्या कंपनीत तिचं काम गाड्या घडवण्याचं. खरी गाडी असते तशीच्या तशी पडद्यावर उभी करायची, पत्र्याच्या वळणापासून चाकाच्या नटापर्यंत. ते नट ती इतक्या निगुतीने करायची की ऑफिसात तिचं नाव मागे पडलं आणि सगळे तिला नटबोल्ट म्हणू लागले.

ही गाडी इटालियन. नंबर प्लेट नाही, हॉर्न नाही, रस्त्यावर आणायची परवानगीच नाही. पळवायची ती फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर. जगात मोजक्याच. त्यामुळे बहुतेकांची तिच्याशी गाठ पडायची ती गेममध्येच. नटबोल्टचीही तशीच पडली होती. शाळेत असताना मामाकडे एक जुना गेम होता. त्यातली गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आणि आवाज थेट मिक्सरचा. तरी मामेभावाला बाजूला ढकलून तिने सुट्टीभर तीच चालवली. पुढच्या गेममध्ये गाडीची दारं उघडायला लागली, त्याच्या पुढच्यात आतली बटणं दिसायला लागली. पण वेगात गाडी जमिनीला दाबून धरणाऱ्या मागच्या पंखाचे खांब कुणीच धड केले नव्हते. आपल्या गेममध्ये ते होणारच, असं तिने साहेबांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं.

गेम बाजारात यायला तीन आठवडे उरले असताना अशा एका गाडीच्या मालकाने तिच्या विनंतीला होकार कळवला: गाडी ट्रॅकवर आणतोय, दोन तास मिळतील, या आणि फोटो काढा. नटबोल्ट कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन सकाळी सातलाच ट्रॅकवरच्या गॅरेजच्या दारात हजर.

गॅरेज आरशासारखं लख्ख. गाडीची देखभाल करणारा मेकॅनिक साठीला आलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. नाकावर माशी बसू द्यायचा नाही असा माणूस.

"गेमवाल्या तुम्हीच?" त्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "लांबून बघा. बाईसाहेबांना हात लावलेला खपत नाही."

"कोणत्या बाईसाहेब?"

उस्तादने गाडीवरची चादर ओढली.

नटबोल्ट बघतच राहिली. जिचा एकेक कोपरा पाठ होता, ती गाडी आपल्या कमरेपेक्षा थोडीच उंच असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. नाक जमिनीला टेकल्यासारखं, पाठ ताणलेली, आणि मागे दोन खांबांवर तो रुंद पंख. मग ती पटकन कॅमेऱ्यामागे गेली.

अर्धा तास ती गाडीभोवती फिरली, गुडघ्यांवर बसली, शेवटी चक्क फरशीवर आडवी झाली. पंखाच्या डाव्या खांबापाशी मात्र थांबली. उजवीकडे जाऊन आली. पुन्हा डावीकडे.

"उस्ताद, एक विचारू? या खांबाखाली धातूच्या चकत्या किती असतात?"

"दोन्हीकडे तीन."

"डावीकडे दोनच आहेत."

उस्तादचा चेहरा तांबडालाल झाला. "चौदा वर्षं मी ही गाडी सांभाळतोय. आणि तुम्ही पडद्यावर खेळणी करणाऱ्या मला शिकवणार?"

तिची पाचावर धारण बसली, पण तिने लॅपटॉप उघडलाच. कारखान्याच्या आराखड्यांवरून घडवलेली तिची गाडी पडद्यावर फिरली आणि डाव्या खांबाचा पाया समोर आला. एकावर एक तीन चकत्या, त्यांच्या कडेला पडलेली बारीक सावलीसुद्धा. उस्तादने चष्मा लावला. पडद्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग पाना घेतला आणि खांब सोडवला.

दोनच होत्या.

"रंगकामाला दिली होती," तो म्हणाला. "पंख त्यांनीच परत बसवला. एक चकती विसरले, पंख एका बाजूला कलला, आणि मी वरवर तपासला. तेव्हापासून ड्रायव्हर बोंबलतोय, वेगात वळताना मागची बाजू हलकी होते म्हणून. आम्ही टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या..." त्याने कपाळावर हात मारला. "माझीच चूक. तुम्हाला उगाच बोललो."

तिसरी चकती बसली. ड्रायव्हर तीन फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं आणि हसला. "आता कशी जमिनीला धरून आहे!"

उस्तादचा जीव भांड्यात पडला. त्याने नटबोल्टला हाक मारली. "ये पोरी, बस आत. इंजिन थंड व्हायच्या आत."

ती अंग चोरून सीटमध्ये उतरली. उस्तादने बाहेरून हात घालून बटण दाबलं. आवाज कानांआधी पाठीच्या कण्याला कळला. दात थरथरले, पोट थरथरलं. तिने समोरच्या आरशात पाहिलं, तर मागचं गॅरेज, दिवे, भिंत, सगळं कालवल्यासारखं पुसट झालेलं. आरसा जागच्या जागी थरथरत होता.

तिच्या पडद्यावरच्या गाडीतला आरसा शांत होता. बैठकीच्या खोलीत टांगल्यासारखा.

आरसा बदलायचा म्हटल्यावर ऑफिसात साहेबांनी हात जोडले. "बाई, तीन आठवडे राहिलेत. शर्यतीत आरसा बघतं कोण?"

"मी बघते," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. चार दिवस तिने दुसरं काही केलं नाही. इंजिन संथ असताना आरसा किती हलावा, वेग वाढला की ती थरथर कशी बारीक होत जावी, सगळं जुळवलं. पाचव्या दिवशी साहेब गंमत म्हणून एक फेरी मारायला बसले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी उठेनात.

गेम बाजारात आल्यावर आठवड्याभराने उस्तादचा फोन आला. सुनेने त्याला गेम लावून दिला होता.

"चौदा वर्षांत बाईसाहेब मी गॅरेजच्या दारापुढे नेल्या नाहीत," तो म्हणाला. "काल पहिल्यांदा ट्रॅकवर घेऊन गेलो. आरसा थरथरला आणि माझे हातच कापायला लागले बघ. दुसऱ्या वळणावर भिंतीवर घातली."

"मग?"

"मग काय! टीव्ही बंद केला. जेवण जाईना. सून म्हणते, बाबा, बटण दाबलं की गाडी पुन्हा कोरी होते. मी म्हटलं, तुला नाही कळायचं." त्याने आवाज खाली आणला. "बरं, ते दुसरं वळण कितव्या गिअरमध्ये घ्यायचं गं?"