इस्त्री न मारलेली सुरकुती

"ही परत कशी आली?" असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि पडद्यावर इतका वाकला, की नाक टेकायचंच बाकी राहिलं.

ऑफिसात त्याला सगळे इस्त्री म्हणायचे. काम तसंच होतं. विमान डोंगरांवरून पट्ट्यापट्ट्यानं उडायचं, खाली लेझर सोडायचं आणि कोट्यवधी ठिपके गोळा करून आणायचं. त्यातले झाडांचे, छपरांचे ठिपके काढून टाकले, की झाडीखालची उघडी जमीन दिसायची. पण दोन पट्टे जुळतात त्या शिवणीवर मापं थोडी चुकायची आणि नसलेली पायरी उमटायची. तिच्यावर इस्त्री फिरवायची, जमीन सपाट करायची. अकरा वर्षं हेच. हात इतका बसलेला, की डाव्या हातात चहा असला तरी उजवा थांबायचा नाही.

ही पायरी त्यानं दोन वर्षांपूर्वी सपाट केली होती. पक्कं आठवत होतं, कारण टेकडी त्याची ताई मुख्याध्यापिका आहे त्या शाळेमागची. तेव्हा विमान उत्तर-दक्षिण उडालं होतं, पायरीही तशीच होती, नेमकी शिवणीवर. हात फिरला. यंदा विमान पूर्व-पश्चिम उडालं. म्हणजे शिवण आडवी हवी. पायरी मात्र जिथल्या तिथे, उभीच. आणि टेकडीवरून येणारा ओढा तिच्यापाशी अडखळून बारा-पंधरा पावलं बाजूला सरकत होता, मग पुढे जात होता.

शिवण खोटी असते. ओढा कशाला खोटं बोलेल?

जमीन इथे कधीतरी भूकंपात फाटली होती, आणि त्यानं ती भेग पुसली होती. त्याच सपाट नकाशावर ताईच्या शाळेच्या नव्या इमारतीची जागा ठरली होती. पायरीवरच. पाया पुढच्या आठवड्यात खणायचा होता.

भूगर्भ विभागाच्या बाई डबा उघडत होत्या.

"बाई, एक चूक दाखवायची होती."

"कुणाची?"

"माझीच. दोन वर्षं जुनी आहे."

बाईंनी झाकण परत लावलं. दोन्ही नकाशे शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्या.

"गुपचूप नवा नकाशा दिला असतात, तर जुना कुणी काढून बघितला नसता."

"पाया खणणारे जुनाच बघतायत ना."

"अहवालात तुमचं नाव येईल. कौतुकानं नाही."

"आडनाव तेवढं बरोबर टाका. पगारपत्रकात कायम चुकतं."

बाई हसल्या, पण फोन उचलला.

ताईला त्यानं स्वतःच फोन करून सांगितलं.

"आठ वर्षं अर्ज केलेत मी," ताई म्हणाली. "दोन वर्ग एका खोलीत पाठीला पाठ लावून बसतात. आणि तू म्हणतोस थांब?"

"थांब."

"लहानपणी माझी वही फाडून होड्या केल्यास, तेव्हाही असाच आवाज होता तुझा."

"तेव्हा खोटं बोललो होतो."

पलीकडे तिनं वर्गाला दटावून गप्प केलं.

"थांबवते," ती म्हणाली. "पण इमारत मिळाली नाही, तर सगळी पोरं तुझ्या घरात आणून बसवीन."

बाईंनी त्या पायरीवर आडवा चर खणून घेतला. मातीचे थर कात्रीनं कापल्यासारखे तुटलेले, एकीकडचे वर, दुसरीकडचे खाली. बाई चरात उतरून म्हणाल्या, "जागी आहे ही भेग. कधी हलेल ते सांगता येत नाही. तिच्या अंगावर बांधायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे."

इमारत ओढ्यापलीकडे गेली, दोनशे पावलं. वर्षभर उशिरानं उभी राहिली, पण राहिली. अहवालात नाव आलं. आडनाव चुकलेलंच.

पहिल्या दिवशी ताईनं त्याला ओढा ओलांडून आधी ठरलेल्या जागी नेलं. झुडपं काढून तिथे मैदान केलं होतं. मधोमध गवताची पायरी, जेमतेम गुडघ्याएवढी. पोरं पळत येऊन तिच्यावरून उड्या टाकत होती.

"हीच का रे?"

"हीच."

"एवढीशी?"

त्यानं एक पाय वर ठेवला, एक खाली. पँटला गुडघ्यापाशी सुरकुती पडली. सवयीनं हात तिकडे गेला. मग त्यानं तो मागे घेतला आणि तसाच उभा राहिला.