दवाखान्याचे कपडे

मंगळवारी सकाळी व्हर्लीनबाईंनी मक्याची पेज दोन घास खाऊन बाजूला सारली आणि लेकीला म्हणाल्या, "डेनीन, माझा निळा ड्रेस इस्त्रीला घे. दवाखान्यात जाऊन येऊ."

डेनीन चटकन उठली. आईनं आपणहून दवाखान्याचं नाव काढलं म्हणजे दुखणं साधं नव्हतं. काल संध्याकाळपासून तिचा जबडा ठणकत होता, आडवं झालं की श्वास अडकत होता.

"इस्त्रीचं राहू दे गं आई. आहे तशी चल."

"आहे तशी?" व्हर्लीनबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "गोरी बाई गाऊनवर गेली तर ती आजारी असते. आपण तशा गेलो की त्यांना वाटतं, नशेच्या गोळ्या मागायला आलोय. माझ्या आईनं मला हेच शिकवलं. घे इस्त्रीला."

डेट्रॉइटच्या आमच्या काळ्यांच्या वस्तीत हे घरोघरी असंच. रविवारी चर्चला जायचे कपडे तेच दवाखान्याचे कपडे. मग इस्त्री झाली, मोत्यांच्या कुड्या झाल्या, लिपस्टिक झाली, हातमोजे झाले. बाईंच्या कपाळावर घाम फुटत होता आणि डेनीन तो टिपून त्यावर पावडर लावत होती. काय म्हणावं या वेडेपणाला! पण हे वेड आम्हाला कुणी लावलं, तेही विचारा.

गल्लीच्या टोकाला पूर्वी दवाखाना होता. मंदीत मोटारींचे कारखाने धडाधड बंद पडले, कामाबरोबर लोकांचे आरोग्याचे विमे गेले, आणि दवाखान्याच्या मालकांनी दारांना फळ्या ठोकल्या. परवडत नाही म्हणे. व्हर्लीनबाईंनी जन्मभर मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली. त्यांचंही काम आणि विमा एकाच दिवशी गेला. मंदी सगळ्यांवर आली होती हो, पण दवाखाना बंद पडला तो आमच्याच वस्तीतला. गोऱ्यांच्या उपनगरातला दिमाखात चालू होता. दोन बस बदलून मायलेकी तिथे पोचल्या.

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं विमा विचारला. नाही म्हटल्यावर मान खाली घालून म्हणाली, बसा. नर्स आली, तिनं रक्तदाब घेतला, काय होतंय ते विचारलं. व्हर्लीनबाई गोड हसल्या.

"फार नाही हो. छातीत जरा जड वाटतंय. उगाच तुमचा वेळ घेतेय."

नर्सनं त्यांच्या मोत्यांवरून नजर फिरवली, पित्त असेल म्हणाली, आणि निघून गेली.

डेनीनला काही बसवेना. ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची, आईचा हात धरायची, सोडायची. त्यांच्यामागून आलेले लोक आत जात होते. "बस गं एका जागी," आई पुटपुटली. "लोक बघताहेत."

तेवढ्यात एक गोरा माणूस छाती धरून आत आला. झोपायच्या कपड्यांत, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. बरोबरच्या बायकोनं सगळा हॉल डोक्यावर घेतला. नवऱ्याचं काम सुटलंय, विमा संपलाय, आम्ही जायचं कुठे, असं ती ओरडून विचारत होती. तिला कुणी आवाज खाली करायला सांगितलं नाही. खिडकीतली तीच बाई पुढे वाकून म्हणाली, काळजी करू नका, अशांसाठी आमचा मदतनिधी आहे, आधी यांना आत घेऊ. लगेच चाकाची खुर्ची आली.

त्याला आत नेलं याचं डेनीनला वाईट वाटलं नाही. न्यायलाच हवं होतं. पण काम आईचंही गेलं होतं, विमा आईचाही संपला होता, आणि छाती तिचीही दुखत होती. ती खिडकीशी गेली.

"या निधीचं आम्हाला का नाही सांगितलंत?"

ती बाई खरोखरच गोंधळली. "तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुमच्या आई इतक्या छान दिसताहेत, मला वाटलंच नाही गरज असेल."

डेनीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गबाळं यावं तर नशेबाज, नीटनेटकं यावं तर धडधाकट. मग आम्ही यावं तरी कसं?

ती वळली तेव्हा आईचं डोकं भिंतीला टेकलं होतं. चेहऱ्यावर हसू अजून होतं. डेनीननं रुमालानं तिची लिपस्टिक पुसून काढली. खाली ओठ राखेसारखे झाले होते. हातमोजे ओढून काढले, तर नखं निळसर.

"माझी आई मरतेय," ती ओरडली. "कुणीतरी बघा इकडे."

नर्सच्या आधी रखवालदार आला. आवाज खाली करा नाहीतर बाहेर चला, म्हणाला. तेव्हा गोऱ्यांसमोर जन्मात कधी आवाज न चढवलेल्या व्हर्लीनबाईंनी त्याची बाही घट्ट धरली.

"तिला बाहेर काढू नका. मी खोटं बोलले. मी ठीक नाही, मला फार दुखतंय, आणि मला आत नेल्याशिवाय मी तुमची बाही सोडणार नाही."

मग मात्र धावपळ झाली.

हृदयविकाराचा झटका सकाळपासून चालूच होता. तरुण डॉक्टर संध्याकाळी डेनीनला म्हणाला, जीव वाचला, पण हृदयाचा बराच भाग मेला. तुम्ही लवकर यायला हवं होतं.

"आम्ही लवकरच आलो होतो," डेनीन म्हणाली.

व्हर्लीनबाई आता पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जातात तरी धाप लागते. चर्चमधलं गाणं सुटलं. मीच वेड्यासारखी हसत बसले, असं म्हणून स्वतःलाच बोल लावतात. त्यांना तसं हसायला लावणारे मात्र रात्री सुखानं झोपतात.

डेनीनचंही काम मंदीत सुटलंय, नवं अजून मिळालेलं नाही. ती त्या दवाखान्याच्या हॉलमध्ये जाऊन बसते. रखवालदारानं एकदोनदा हटकलं, ती हलली नाही. परवा टाय बांधलेले, हॅट मांडीवर ठेवलेले एक काळे आजोबा एकटेच कोपऱ्यात बसले होते. नर्सला त्यांनी हसून सांगितलं, मी ठीक आहे. ती गेल्यावर डेनीन त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"आजोबा, मला खरं सांगा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते तिच्याकडे झुकले. "सकाळपासून हा हात उचलवत नाही, पोरी."

डेनीननं त्यांना आधार देऊन उठवलं आणि खिडकीशी नेलं.

"हे ठीक नाहीत," ती काचेपलीकडच्या बाईला म्हणाली. "आणि आम्ही इथून हलणार नाही."