कुठं दुखतंय, काका?

मी एक जुना हात आहे. नुसता हात. मागे खांदा नाही, पुढे माणूस नाही. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सत्तावीस हाडं, तीही प्लास्टिकची आणि तारेत ओवलेली. मित्रांनो, एवढ्याशा भांडवलावर मी हाडांचे कितीतरी डॉक्टर घडवले. थोडं मिरवतोय, तर मिरवू द्या.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालेली माझी हाडं एका बाईंनी टेबलावर मांडून ओवली. ओवता ओवता त्या शेजारणीला लेकाची गाऱ्हाणी सांगत होत्या, तरी एक हाड इकडचं तिकडे झालं नाही. मग खोक्यात बसून मी एका मोठ्या इस्पितळाच्या शिकवणीच्या खोलीत आलो.

तिथल्या काचेच्या कपाटात खुबा आणि गुडघा आधीपासूनच ठाण मांडून बसले होते. परीक्षेत सगळा भर त्यांच्यावर, त्यामुळे त्यांचा थाट काही विचारू नका. शिकाऊ डॉक्टर त्यांना सारखे बाहेर काढायचे, पुसायचे. माझ्यावर जेमतेम दोन-तीन प्रश्न यायचे. "हात शेवटी बघू," म्हणून मला मागे ढकलायचे आणि परीक्षा तोंडावर आली की माझ्यावर तुटून पडायचे. अशाच एका ओढाताणीत माझ्या करंगळीचं टोक निखळून कपाटाखाली गेलं. कुणी वाकून पाहिलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, पण सांगतो कुणाला?

त्या सगळ्यांत एक मुलगी मात्र माझ्यावर जीव टाकणारी. होती डॉक्टर, पण विभागात सगळे तिला 'धांदल' म्हणत, कारण तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. हुशार इतकी की डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने माझी हाडं ओळखायची. तिला पुढे हाताच्याच शस्त्रक्रिया शिकायच्या होत्या. मोठ्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तिच्यासाठी जागाही धरून ठेवली होती. फक्त परीक्षा पास व्हायची होती.

ती नापास झाली आणि तेही हातावरच! परीक्षेत खऱ्या रुग्णाला तपासायचं असतं. समोर एक शिंपीणबाई बसल्या होत्या. धांदलने आल्या आल्या त्यांचं मनगट पकडलं आणि नेमकं दुखऱ्या जागी दाबून हाडाचं नावही सांगून टाकलं. बाई कळवळल्या. परीक्षकांनी पुढे काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती कपाटापाशी तोंड पाडून बसली होती. मोठ्या मॅडम आत आल्या.

"माझं उत्तर बरोबर होतं, मॅडम," ती म्हणाली.

"हाड बरोबर होतं गं. पण त्या हाडाभोवती एक बाई होती." मॅडमनी मला उचलून तिच्या हातात दिलं. "सगळा अभ्यास याच्यावर केलास ना? हा बिचारा कधी ओरडत नाही. आता याच्यावरच कर, फक्त हात लावण्याआधी विचारत जा. पुढच्या परीक्षेपर्यंत जागा ठेवते. त्यानंतर मात्र दुसऱ्याला द्यावी लागेल."

मॅडम गेल्या. धांदलने डोळे पुसले, मला समोर ठेवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठं दुखतंय, काका?"

मित्रांनो, मी गडबडलोच. आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. "हात लावू का? दुखलं तर लगेच सांगा हं." तिचा एक मित्र होता, सदा गुडघ्यात रमलेला. तो हसून हसून बेजार व्हायचा.

"अगं, प्लास्टिक काय बोलणार तुझ्याशी?"

"बोलत नाही म्हणूनच विचारायची सवय लावून घेतेय. तू तुझा गुडघा सांभाळ."

पुन्हा परीक्षा आली. या वेळी तोंडी प्रश्नांसाठी मलाही परीक्षेच्या टेबलावर नेलं होतं. समोर एक पोरगेला सुतार, शिडीवरून हातावर पडलेला. एक्स-रेत काहीच दिसत नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता. धांदल खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"कुठं दुखतंय, काका?"

सुताराने मागे वळून पाहिलं. काका कोण, त्याला कळेना. परीक्षकही हसले. पण त्या हसण्याने त्याचा अवघडलेला हात सैल पडला आणि त्याने स्वतःच अंगठ्याखालचा खळगा दाखवला. तिने आधी दुसरा, चांगला हात तपासला, मग दुखरा. खळग्यावर बोट अलगद टेकवून ती परीक्षकांना म्हणाली, "एक्स-रे स्वच्छ असला तरी इथल्या नावेसारख्या हाडाला तडा असू शकतो. प्लास्टर घालू आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघू."

ती पास झाली! निकाल कळताच धावत खोलीत आली, कपाट उघडलं आणि सवयीने विचारलं, "कुठं दुखतंय, काका?" विचारलं आणि थांबली. कदाचित पहिल्यांदाच तिने मला निवांत पाहिलं असेल; माझ्या टोक नसलेल्या करंगळीवर तिची नजर अडली. मग ती आणि तो गुडघेवाला, दोघं गुडघ्यांवर बसले, झाडू घालून कपाटाखालचं माझं टोक काढलं आणि चिकटवलं. जरा वाकडं बसलंय, पण माझी तक्रार नाही.

आता ती हाताच्या विभागात शिकते, आणि नव्या पोरांना मला हात लावण्याआधी विचारायला लावते. पोरं खुदुखुदू हसतात, पण विचारतात. मित्रांनो, तुम्हीही कुणाचा हात धराल तेव्हा आधी विचारा. आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांनाही विचारा. मला काही दुखत नाही हो. पण कुणी विचारलं की बरं वाटतं.