अंगठ्याचं बटण

बाबांच्या अंगात डाव्या हाताचा अंगठा तेवढा जिवंत राहिला होता. गिळण्यापुरतं तोंड सोडलं तर बाकी सगळं एका सकाळच्या झटक्याने नेलं; वाचा गेली, मान वळेनाशी झाली, आणि जन्मभर भिंगातून घड्याळांची बारीक चाकं बसवणारा माणूस छताकडे बघत पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, यांना समजत असेल, नसेलही. मला ते 'नसेलही' काही केल्या पचेना. मी घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावते. म्हटलं, एवढी विद्या हाताशी आहे ती काय चुलीत घालायची?

बाजूला दोन जादा बटणं असलेला माऊस आणला. आणला खरा, पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरला त्या बटणांची ओळखच पटेना, आणि मधलं चाक कितीही फिरवा, पान जागचं हलेल तर शपथ. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! शेवटी दाबलेल्या बटणाचा क्रमांक दाखवणारा एक प्रोग्रॅम सापडला, आणि टेबलाशी बसून एकेक बटण दाबत मी पुढच्याला 'हो' आणि मागच्याला 'नाही' हे शब्द जोडले. चाकाचा नाद सोडून दिला. मग बाबांच्या तळव्याखाली फळी सरकवली. माऊस उजव्या हातासाठी बनवलेला, त्यामुळे डाव्या अंगठ्याखाली बटणं येईनात. इकडून तिकडून फिरवून एकदाची आली, तसाच तो चिकटपट्टीने पक्का केला.

"पायाकडचं बटण हो, पोटाकडचं नाही," मी त्यांच्या कानाशी सांगितलं. "बाबा, मी तुमची मुलगी ना?"

अंगठा हलला. त्यांच्या उशामागे माझं टेबल होतं, तिथल्या स्क्रीनवर उमटलं, 'हो'.

मी ढसाढसा रडले. तुम्ही घड्याळं दुरुस्त करायचात ना? हो. तुम्ही शिंपी होतात? नाही. आई आठवते? हो. धाकट्या भावाला फोन लावून मी अक्षरशः किंचाळले, "अरे, आहेत रे बाबा! आत आहेत!"

त्यानंतर घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. एका दाबण्यानंतर अंगठा घटकाभर दमून पडायचा, पण मला कसली घाई होती? फक्त बारीकसारीक गोष्टींत बाबा विचित्र वागत. तहान लागली म्हणून 'हो' म्हणायचे आणि चमचा ओठाला लावला की दात घट्ट मिटायचे. ऊन लागतंय का विचारलं की 'नाही', आणि डोळ्यांतून तर पाणी वाहत असायचं. म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून मी पडदा ओढून घेत असे. मुख्य उत्तरं बरोबर येत होती ना, मग बटणं कोण तपासत बसतं?

भाऊ मात्र मागे लागला होता. "ताई, पाठ मोडून घेतलीस. उद्या तूही आडवी होशील. सेवाकेंद्रात चांगली काळजी घेतात." मी म्हटलं, बाबांनाच विचारू. मला खात्री होती ना! त्यांना कुशीवर वळवताना, केस विंचरताना मी जी बडबड करायचे, तीच माझी दिवसभराची सोबत होती. ते नसतील तर त्या घरात मी एकटी भिंतींशी बोलणार होते का? मी विचारलं, "बाबा, तिकडे जायचंय तुम्हाला?"

हो.

पोटच्या पोरीचा वीट आला म्हणायचा. मी भावाला गाडी ठरवायला सांगितली आणि त्यांचे कपडे भरले.

गाडी यायच्या आदल्या दुपारी वाटलं, निदान ते चाक तरी चालू करून द्यावं. तिकडे कुणी समोर स्क्रीन धरला तर वर्तमानपत्र वाचता येईल. खटपट करता करता ते चक्क चालू झालं. मी पलंगाशी बसून त्यांच्या हाताखालचं चाक पोटाकडे ओढलं. पान खाली जायचं सोडून वर पळालं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. वाकून बघते तर माऊसची वायर पायांच्या बाजूला असायला हवी होती ती त्यांच्या कोपराकडे आलेली. मी माऊस उलटा चिकटवला होता. पायाकडचं बटण पोटाकडे, पोटाकडचं पायाकडे.

म्हणजे तहान लागलीच नव्हती. ऊन लागत होतं. आणि जायचंय का, तर नाही! माझा जीव भांड्यात पडला. मी बाबांच्या कपाळावर हात फिरवला आणि भावाला फोन लावून, स्पीकर चालू करून फळीशेजारी ठेवला.

"गाडी रद्द कर. बाबांना इथेच राहायचंय. अरे, गाढवासारखी बटणं उलटी बसवली होती मी. सगळी उत्तरं उलटी होती."

"सगळी?" त्याने विचारलं.

मी उठले. टेबलाशी जाऊन दोन्ही शब्दांची अदलाबदल केली.

"बाबा, मी तुमची मुलगी ना?"

नाही.

"घड्याळं दुरुस्त करायचात ना तुम्ही?"

नाही.

पुढचं विचारायचं माझ्या मनात नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवेना. "शिंपी होतात?"

हो.

बाबांच्या कपाळावरचा तो ओळखीचा तीळ, त्या पांढऱ्या भुवया, सगळं तिथेच होतं. आत मात्र बाबा नव्हते. फोनमध्ये भाऊ हसत होता, त्याचाही आवाज भरून आला होता. "बरं झालं गं ताई. मलाही कुठे आवडत होतं? बाबा, ऐकू येतंय ना? राहायचंय ना ताईजवळ?"

अंगठा हलला. 'हो'. पुन्हा हलला. 'हो'. आता तो दमत नव्हता. बटणाचा टकटक आवाज थांबायचं नाव घेईना, एकाखाली एक ओळी भरत गेल्या आणि पान आपोआप वर सरकू लागलं.

"काय म्हणाले गं?" भावाने विचारलं.

"हो म्हणाले," मी म्हटलं.