इमानपट्टीवरची येळवस

फाटकावरच्या किशनला आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, उघडून बघायची होती आणि सिंधुबाई ती डोक्यावरून खाली घ्यायला तयार नव्हत्या. रानात पोचेपर्यंत बिंदगी मध्येच टेकवायची नसते. किशन माहूरकडचा, त्याच्या गावी येळवस करत नाहीत, तेव्हा त्याला हे कुठून ठाऊक असणार? त्याला एवढंच ठाऊक होतं, की या सौरविजेच्या कामावर आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची.

"काय हाय त्याच्यात, मावशी?"

"आंबील. ज्वारीची, ताकातली. लिव."

"आन् टोपल्यात?"

"भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. मागून जेवायला ये, म्हंजे इचारायचं काम पडणार न्हाई."

किशननं मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. सिंधुबाईंची मुलगी आरती लातूरला दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून ती थेट इकडं आली होती. तिनं गाडी फाटकाबाहेर लावली, टोपलं कमरेवर घेतलं आणि आईच्या मागं चालू लागली. बोलायचं ते तिनं आठवडाभर फोनवर बोलून घेतलं होतं. बिंदगी घरच्या पुरुषानं न्यायची असते, तू साठी ओलांडलीस, आणि सिमेंटावर कसली आली आहे येळवस, असा सगळा पाढा वाचून झाला होता. सिंधुबाईंनी तो एका कानानं ऐकला होता.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूरकडची गावं ओस पडतात. ज्याला रान आहे तो रानात जातो, कडब्याची कोप उभारतो, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पुजतो, रानाला आंबील शिंपडतो आणि बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला ओढून जेवायला बसवतो. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जेवतो, त्यात कमीपणा नाही. सिंधुबाईंच्या सासरची गोष्ट जरा निराळी होती. त्यांना रान होतं, आणि नव्हतं.

त्यांचे सासरे चंद्रप्पा वीस वर्षांचे असताना, निजामाच्या राज्यात, लढाईसाठी इमानं, म्हणजे विमानं, चालवायला शिकवायचं म्हणून फौज बोरगव्हाणच्या माळावर उतरली. रानं घेतली, त्यांवर सिमेंटच्या फरश्या ओतून इमानांची धावपट्टी केली, आणि पोरसवदा गोरे दिवसभर वर घिरट्या घालू लागले. लढाई संपली की रानं परत, असं जीपमधून कुणीतरी सांगितलं. चंद्रप्पांनी ते खरं मानलं. लढाई संपली, गोरे गेले, मागून निजामही गेला. रान काही आलं नाही. एका खात्याकडून ते दुसऱ्या खात्याकडं गेलं आणि प्रत्येक खात्यानं नवी पाटी तेवढी लावली. पट्टीवरच्या मनोऱ्याच्या विटा गावातल्या निम्म्या न्हाण्यांना लागल्या, छपरांचे पत्रे गोठ्यांवर चढले. चंद्रप्पांनी तिथली एक वीट घेतली नाही. आपल्याच रानातून चोरी कोण करतो, असं ते म्हणायचे.

त्यांनी फक्त आपली जागा शोधून ठेवली. बांधावरच्या कडुलिंबापासून ऐंशी पावलं. लिंब फौजेनं केव्हाच तोडला होता, पण तो कुठं होता हे डोळे मिटले की दिसतं, असं ते सांगायचे. ऐंशी पावलांवर जी फरशी आली ती त्यांची. दसऱ्यानंतर ते दोन फरश्यांमधली फट सायकलच्या आरीनं उकरायचे, मूठभर काळी माती भरायचे आणि पाच दाणे ज्वारीचे टाकायचे. बोटभर रुंदीचं रान. येळवशीला त्यात ज्वारीची कमरेएवढी पाच ताटं उभी असायची आणि त्यांच्या शेजारी कोप. एक साल चुकलं की रान तुटलं, हा त्यांचा कायदा होता. मरताना त्यांनी तो मुलाच्या, म्हणजे मन्मथच्या गळ्यात घातला.

मन्मथ शाळेत शिपाई, सिंधुबाई त्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. एक्केचाळीस वर्षं त्यांनी या सिमेंटासाठी पहाटे उठून भज्जी शिजवली. पहिल्या वर्षी त्यांना हसू आलं होतं, दुसऱ्या वर्षी राग आला, पुढं सवय झाली. पण गाव हसायचं थांबलं नाही. गावातले बडे शेतकरी हणमंतराव तर दर वर्षी शाळेसमोर गाडी थांबवून विचारायचे, "मन्मथ, यंदा सिमिटाला खत कोणतं टाकलंस?" त्यांच्या आजोबांचंही रान पट्टीत गेलं होतं, पण आजोबा हिकमती निघाले. त्यांनी लगोलग तलावाखाली दुसरं रान धरलं, आणि आता हणमंतरावांच्या येळवशीला दोनशे पान उठत होतं. मन्मथ शाळेची घंटा द्यायला वळायचा. घरी आल्यावर मात्र दोन घास कमी जेवायचा, आणि ते सिंधुबाईंच्या जिव्हारी लागायचं.

भाद्रपदात मन्मथ गेला. "यंदाचं पेरायचं ऱ्हाऊ दिऊ नको," एवढंच तो शेवटी बोलला. सिंधुबाईंनी स्वतः फट उकरली, स्वतः पेरलं, डबड्यानं पाणी घातलं. तोवर माळाला तारेचं कुंपण पडलं. कामावरचा मुकादम भला माणूस होता. अमावास्येपर्यंत ही फरशी सोडतो, पुढं खांब येतील, असं त्यानं सांगून ठेवलं. म्हणजे ही शेवटची येळवस.

सिंधुबाईंना रान परत नको होतं. साठी ओलांडल्यावर सात एकर घेऊन त्या काय करणार? पण कुणीतरी एकदा कागद हातात धरून, चार माणसांत म्हणावं, की हे चंद्रप्पाचं रान. मन्मथला ते ऐकायला मिळालं नव्हतं. निदान त्याच्या मागं आपल्या कानांवर पडावं, एवढीच त्यांची हाव होती. आणि आज तो कागद माळावर येणार होता. सपाटीकरण होण्याआधी जुन्या सर्व्हे नंबरांच्या खुणा करायला मोजणीचा माणूस येणार होता.

कोप उभी राहिली, दगड मांडून झाले, तोवर तो आलाच. रामलिंग, उदगीरकडचा, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर यंत्र. सोबत पंच म्हणून हणमंतराव. चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत, डोळ्यांत तीच जुनी चेष्टा. सही करून त्यांना आपल्या येळवशीला पळायचं होतं. सिंधुबाईंनी दोघांना आंबील दिली. रामलिंग तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला. मग सिंधुबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं.

"साहेब, ही फरशी कोणत्या नंबरात येती, तेवढं सांगा. आमचा एकशे एकवीस."

रामलिंगनं नकाशा पसरला. मूळ उर्दूतला, त्यावर मागून कुणीतरी मराठी आकडे घातलेले. यंत्र रोवून त्यानं एकदा बघितलं, मग आणखी एकदा. आरतीच्या लक्षात आलं, की तो आता आईकडं बघत नाही. दवाखान्यात डॉक्टर असेच बघायचं टाळतात.

"मावशी, हा तुमचा नंबर न्हाई," तो म्हणाला. "तुमचा तिकडं येतो. त्यो मुरमाचा खड्डा हाय ना, तिथं."

तो खड्डा सगळ्यांना माहीत होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी रस्त्यासाठी तिथून मुरूम उपसून नेला होता. चंद्रप्पांचं रान ट्रकांत भरून केव्हाच सडकेखाली गेलं होतं आणि मन्मथ रोज त्याच सडकेवरून सायकल मारत शाळेत जात होता. चंद्रप्पांनी पावलं बरोबर मोजली होती. लिंब तेवढा दुसरा धरला होता.

"मंग हे रान कोणाचं?" सिंधुबाईंनी विचारलं.

रामलिंगनं कागदावरचं नाव वाचलं. ते हणमंतरावांच्या आजोबांचं होतं.

सिंधुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्केचाळीस बिंदग्या त्यांच्या हातून भरल्या गेल्या होत्या, आणि साऱ्या परक्याच्या बांधाला. सासऱ्यांचा राग आला, मन्मथचा आला, आणि मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून रडू आलं. ते त्यांनी गिळलं. आता हणमंतराव काय बोलतील ते ऐकायला त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या. गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू त्या म्हाताऱ्याच्या हातात आयतं पडलं होतं.

हणमंतरावांनी वाकून फटीतली ज्वारी बघितली. पाचही ताटं चांगली भरली होती, कणसं हुरड्याला आली होती.

"म्हंजे इतकी सालं मी माझ्याच रानाला हसत ऱ्हायलो," ते म्हणाले.

आरतीनं टोपलं उचललं, घरी जाऊ म्हणाली. पण पूजा अर्धीच झाली होती. रानाला आंबील शिंपडायची राहिली होती, आणि ती रानाच्या धन्यानं शिंपडायची असते. सिंधुबाईंनी तांब्या भरला, वर ज्वारीचं पान ठेवलं आणि तो हणमंतरावांपुढं धरला.

"काका, तुमचं रान हाय. शिंपडा."

हणमंतरावांनी आधी काठी आरतीच्या हातात दिली. मग रामलिंगच्या खांद्याचा आधार घेऊन पायांतले बूट काढले. सिमेंट तापलं होतं. अनवाणी पायांनी ते फरशीच्या चारी कडांना फिरले, पानानं आंबील शिंपडत, आणि दर कोपऱ्यावर 'ओलगे'ची आरोळी देत. त्या आरोळीचा अर्थ गावात कुणाला माहीत नाही, पण ती मोठ्यानं द्यायची असते. चौथ्या कोपऱ्यावर त्यांची आरोळी चिरकली.

परत येऊन ते कोपीजवळ टेकले आणि म्हणाले, "जेवाया बसा, सूनबाई."

येळवशीला पाहुण्याला जेवायला बसा म्हणायचं ते रानाच्या धन्यानं. सिंधुबाई बसल्या. आरतीनं वाढलं. पहिल्या पंगतीला बसायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि भज्जीत मीठ कमी पडतं हेही त्यांना पहिल्यांदाच कळलं. हणमंतराव पोटभर जेवले. तलावाखाली दोनशे माणसं त्यांची वाट बघत होती, ती बघत राहिली.

उठताना त्यांनी काठीनं फटीतल्या ज्वारीच्या ताटांकडं दाखवलं.

"ही खुडून न्या. रान कोणाचंबी असू द्या, पेरलं त्याचं पीक."

सिंधुबाईंनी पाच कणसं खुडली आणि पदराच्या गाठीत बांधली. मुरमाच्या खड्ड्यावरून जाताना त्या थांबल्या. खड्ड्यात बाभळी माजल्या होत्या, तळाशी हिरवट पाणी होतं. बिंदगीत उरलेली आंबील त्यांनी काठावर ओतली आणि पुढं निघाल्या.

फाटकावर किशननं हटकलं. पदरात काय आहे ते त्याला बघायचं होतं.

"पीक," सिंधुबाई म्हणाल्या. "पाच कणसं ज्वारीची. लिव."

"हे काय लिवायचं, मावशी? जावा तुमी."

"आत येताना लिवलंस ना? मंग जातानाबी लिव."

किशननं वही उघडली. वहीत माल कुणाचा याचा एक रकाना होता, त्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं.

"मन्मथ चंद्रप्पा बिडवे."

त्यानं लिहिलं. सिंधुबाईंनी वही आपल्याकडं फिरवून घेतली. चौथीपर्यंतच्या वाचनानं त्यांनी बोट ठेवत ती ओळ अक्षर-अक्षर वाचली, आधी नाव, मग ज्वारी, मग पाच. रिकामी बिंदगी आरतीनं मागितली तरी त्यांनी दिली नाही. ती डोक्यावर घेतली आणि त्या सडकेला लागल्या.